बनी पार्क ते भट्टा बस्ती : लहान सेवा व्यवसायाच्या पुरवठा साखळीतील वेठबिगारी

जयपूर रेल्वे स्थानकापासून आणि सिंधी कॅम्पच्या मध्यवर्ती बस स्थानकापासून थोड्याच अंतरावर बनी पार्क ही जुनी, रुंद रस्त्यांची वसाहत आहे. येथील अनेक हवेल्यांचे व बंगल्यांचे रूपांतर गेल्या काही दशकांत लहान हॉटेलांमध्ये आणि अतिथिगृहांमध्ये झाले. येथे मुक्काम करणाऱ्यांत महाराष्ट्रातून जाणारी पर्यटक कुटुंबेही असतात. दहा-पंधरा खोल्या, मोजका कर्मचारीवर्ग आणि घरमालकाची जातीने देखरेख, असे या व्यवसायाचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

अशा आस्थापनेत वेठबिगार असेल, असे सहसा कोणाच्याही मनात येत नाही, आणि आस्थापनेच्या स्वतःच्या हजेरीपटापुरते ते बहुधा खरेही असते. परंतु पलंगावरची चादर बाहेर धुतली जाते, फाटकावरचा पहारेकरी एजन्सीचा असतो, नव्या मजल्याची वीट भट्टीवरून येते आणि स्वागतकक्षातील काचेच्या कपाटात विक्रीसाठी मांडलेली लाखेची बांगडी कोणत्या तरी बंद खोलीत घडलेली असते. सक्तीच्या श्रमाचा प्रश्न उद्भवतो तो या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर.

बनी पार्कच्या संदर्भात हा प्रश्न पुस्तकी नाही. याच भागाच्या उत्तरेस शास्त्रीनगर आणि त्याला लागून भट्टा बस्ती आहे. तेथील लहान कारखान्यांतून बांगड्या घडविणाऱ्या बालमजुरांची सुटका केल्याच्या बातम्या गेली अनेक वर्षे येत आहेत. ही मुले प्रामुख्याने बिहारमधील, त्यातही गया व आसपासच्या जिल्ह्यांतील असतात. पालकांच्या हाती काही हजारांची उचल ठेवून त्यांना रेल्वेने आणले जाते, कामाच्या खोलीतच ठेवले जाते आणि लाख तापवून त्यावर खडे चिकटविण्याचे काम पहाटेपासून रात्रीपर्यंत करून घेतले जाते. गिऱ्हाईक ही बांगडी राजस्थानची हस्तकला म्हणून हौसेने विकत घेतो.

वेठ कशास म्हणावे?

मराठी वाचकाला ‘वेठ’, ‘वेठबिगार’ आणि ‘उचल’ हे शब्द नवे नाहीत. ऊसतोडणीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, ठाणे-रायगडच्या वीटभट्ट्यांवर हंगाम काढणारी कातकरी कुटुंबे ही महाराष्ट्रातील ओळखीची उदाहरणे होत. राजस्थानात कर्जापोटी राबविण्याच्या एका जुन्या प्रथेस ‘सागरी’ म्हणत. ती रद्द करण्यासाठी त्या राज्याने १९६१ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. पुढे केंद्राने ऑक्टोबर १९७५ मध्ये अध्यादेश काढला आणि त्याचे रूपांतर वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ मध्ये झाले. या अधिनियमातील व्याख्येत देशभरातील अशा प्रथांची जी नावे नोंदविली आहेत, त्यांत ‘सागरी’चाही समावेश आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० च्या २९ क्रमांकाच्या ठरावात केलेली व्याख्या आजही आधारभूत मानली जाते. शिक्षेच्या धाकाखाली करून घेतलेले आणि माणसाने स्वेच्छेने न स्वीकारलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम, असा तिचा आशय आहे. भारताने हा ठराव १९५४ मध्ये, तर सक्तीचे श्रम नाहीसे करण्यासंबंधीचा १९५७ चा १०५ क्रमांकाचा ठराव २००० मध्ये मान्य केला. भारतीय राज्यघटनेचा २३ वा अनुच्छेद मात्र या दोहोंच्या आधीपासून बिगारीला मनाई करतो, आणि ती मनाई केवळ शासनावर नव्हे, तर खासगी व्यक्तींवरही बंधनकारक आहे.

या अनुच्छेदाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने बराच व्यापक केला आहे. एशियाड स्पर्धेच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी असे स्पष्ट केले की, सक्ती ही दंडुक्याचीच असते असे नाही. उपासमारीमुळे दुसरा पर्यायच उरला नाही, म्हणून जो माणूस किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करतो, त्याचे श्रमही सक्तीचेच ठरतात.

पुढच्याच वर्षी हे तत्त्व राजस्थानला लागू झाले. अजमेर जिल्ह्यात मदनगंज-हरमाडा रस्त्याचे दुष्काळी काम चालू होते आणि त्यावर अनुसूचित जातीच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. गटाने केलेल्या कामाची मोजणी करून पैसे वाटले जात असल्याने अनेकींच्या पदरी किमान वेतनही पडत नव्हते. तिलोनियाच्या संस्थेचे संचालक संजित रॉय यांनी याविरुद्ध याचिका केली. दुष्काळी कामांना किमान वेतन कायद्यातून सूट देणारा राज्याचा १९६४ चा कायदा आपल्या बाजूस आहे, असा शासनाचा बचाव होता. न्यायालयाने १९८३ मध्ये तो फेटाळला आणि ही सूट घटनाबाह्य ठरविली. राज्य संकटात मदत म्हणून काम देत असले, तरी त्याला कमी पैसे देता येणार नाहीत, हा या निकालाचा गाभा आहे. ‘आम्ही तर गरिबांना रोजगार देतो’ हे वाक्य आजही व्यापारी वर्तुळात सहजपणे उच्चारले जाते. त्याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे.

साखळी कोठे तुटते?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकली होती आणि त्यांतील बहुसंख्य खासगी क्षेत्रात होती. या संघटनेने अशा श्रमाची अकरा लक्षणे सांगितली आहेत. असहायतेचा गैरफायदा, फसवणूक, हालचालींवर बंधन, एकटे पाडणे, मारहाण व लैंगिक अत्याचार, धाकदपटशा, ओळखपत्रे काढून घेणे, वेतन अडविणे, कर्जाचा फास, राहण्या-काम करण्याची हलाखी आणि अतिरेकी जादा काम, ही ती लक्षणे होत. एखाद्या जागी यांपैकी एकच आढळले म्हणून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. परंतु तीन-चार एकत्र दिसू लागली की चौकशी टाळण्यास कारण उरत नाही.

अतिथिगृहाच्या बाबतीत सर्वात जवळची आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित कडी म्हणजे पहारेकऱ्याची. त्याचे प्रशस्तिपत्र कोणी तपासो वा न तपासो, एजन्सीचे दरपत्रक तरी मालकाच्या हातात असते आणि साध्या अंकगणितावरून त्यातून बरेच कळते.

फाटकावर चोवीस तास माणूस हवा असेल, तर आठवड्याचे १६८ तास होतात. एका माणसाचा कायदेशीर आठवडा ४८ तासांचा धरला, तर या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दोनच दिसतात, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा, आणि साप्ताहिक सुट्टी कोणालाच नाही. म्हणजे प्रत्येकाचे ८४ तास भरतात. त्यांतील ३६ तास जादा कामाचे. जादा कामाचा दर दुप्पट असल्याने प्रत्येकास १२० तासांचे, म्हणजे दोघांस मिळून २४० तासांचे वेतन देणे लागते. साडेतीन माणसांचे वेतन मात्र १६८ तासांचेच होते. याचा अर्थ असा की, नियमाप्रमाणे चालावयाचे ठरविले तर दोन माणसांची पद्धत उलट महाग पडते. तरीही एजन्सीचे दोन माणसांचे दरपत्रक स्वस्त असेल, तर तो स्वस्तपणा कोणाच्या तरी खिशातून येत आहे, आणि तो खिसा एजन्सीचा नसतो.

या हिशेबात भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा आणि एजन्सीचा नफा अजून धरलेला नाही. दरपत्रक हाती घेऊन राजस्थान शासनाने अधिसूचित केलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पुरवठादाराकडून सही करून घेतलेल्या दहा हमीपत्रांपेक्षा ते अधिक उपयोगाचे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पैशांखेरीज आणखी काही गोष्टी विचारून कळतात. गणवेशाचे पैसे पगारातून कापले का? नोकरी लागताना अनामत घेतली का? आधार कार्डाची मूळ प्रत कोणाकडे आहे? पगार माणसाच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होतो की पर्यवेक्षकाच्या हातून रोखीने मिळतो? हे प्रश्न एजन्सीच्या कार्यालयात विचारून उपयोग नाही. पहारेकऱ्यालाच, त्याचा पर्यवेक्षक समोर नसताना आणि त्याच्या भाषेत विचारावे लागतात.

उचल आणि फास

आगाऊ रक्कम देणे हा स्वतःहून गुन्हा नव्हे. लग्नकार्य, आजारपण, शाळेचे शुल्क यांसाठी कामगार मालकाकडे पैसे मागतो आणि मालक ते देतो, यात वावगे काही नाही. रक्कम लिहिलेली असावी, तिची परतफेड ठरलेल्या हप्त्यांत व्हावी आणि ती फिटलेली नसतानाही कामगाराला काम सोडून जाता यावे, या तीन अटी पाळल्या गेल्या की ते कर्ज राहते. तिसरी अट मोडली की त्याची वेठ होते. ‘आधी पैसे फेड, मग जा’ या शब्दांत ती सुरू होते.

१९७६ च्या अधिनियमाने अशा कर्जाची परतफेड करण्याचे दायित्वच संपुष्टात आणले आहे. संपलेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणे हाही गुन्हा ठरतो. कामगाराने ‘हे वेठीचे कर्ज आहे’ असे म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते. कामाच्या मोबदल्याचा भाग म्हणून राहावयास दिलेल्या जागेतून मुक्त झालेल्या माणसास हुसकावता येत नाही. वेठबिगार राबविल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. दंडाचा हा आकडा १९७६ पासून तसाच आहे, हे विशेष.

धुलाईच्या धंद्यात आणखी एक अडचण असते आणि ती बहुधा गिऱ्हाइकाने निर्माण केलेली असते. हॉटेल चादरींचे बिल दोन-तीन महिने थकविते. लॉन्ड्रीवाल्याकडे खेळते भांडवल नसते, म्हणून तो मजुरांचे वेतन अडवितो आणि मधल्या काळात त्यांना शे-दोनशेची उचल देत राहतो. काही महिन्यांनी वेतन किती आणि उचल किती, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांच्या आत चुकती करावीत, असे २००६ च्या कायद्यात म्हटले आहे. पुरवठादाराकडे सचोटीचा आग्रह धरणाऱ्या व्यावसायिकाने प्रथम आपली स्वतःची थकबाकी पाहिलेली बरी.

बांधकामाच्या कडीत अंतर वाढते. विटेवर भट्टीचा शिक्का असतो, पण ती थापणाऱ्या कुटुंबाने मुकादमाकडून किती पैसे उचलले आहेत, हे त्यावर लिहिलेले नसते. दगडाचेही तसेच आहे. बुंदी जिल्ह्यातील बुधपुरा परिसरात वालुकाश्माचे चौकोनी तुकडे घडविणाऱ्या मुलांविषयी देशात आणि युरोपात बरेच लिहिले गेले आहे. अतिथिगृहाच्या अंगणात बसविलेली फरशी कोणत्या खाणीतून आली, हे विचारण्याचा अधिकार मालकाला असतो. मात्र एका लहान गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला खाणमालक उत्तर देईलच असे नाही. येथे प्रामाणिकपणे मर्यादा मान्य करावी लागते. गालिच्यांच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘रगमार्क’ या चिन्हाचे नाव आता ‘गुडवीव्ह’ असे आहे. त्यातून गालिच्याचा माग काढता येतो.

बांगडीला असे कोणतेही चिन्ह नाही. ज्याला ती विकायचीच आहे, त्याने कारागिराचे घर किंवा कारखाना दिवसा, पूर्वसूचना न देता पाहावा आणि दार आतून उघडते की बाहेरून, हे ध्यानात घ्यावे. तेही शक्य नसेल, तर ती वस्तू कपाटात ठेवू नये. चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला लावण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर बंदी आहे. स्वतःच्या कुटुंबाच्या उद्योगात शाळा सांभाळून मदत करण्याची सूट त्यात ठेवली आहे आणि याच सुटीची ढाल अनेकदा पुढे केली जाते. गयेहून आणलेली आठ मुले एकाच घरमालकाचे भाचे असू शकत नाहीत, एवढे तारतम्य गिऱ्हाइकाने बाळगावयास हरकत नाही. हॉटेले, ढाबे आणि घरकाम यांत लहान मुलांना ठेवण्यास तर १० ऑक्टोबर २००६ पासूनच मनाई आहे.

लहान असण्याचा बचाव

‘आम्ही लहान आहोत, हे नियम मोठ्यांसाठी’ हा युक्तिवाद काही अंशी खरा आहे. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा मुळात वीस कामगारांपासून लागू होत असे. राजस्थानने २०१४ मध्ये ही मर्यादा पन्नासवर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांमध्ये संपूर्ण देशासाठीच पन्नासचा आकडा आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी जुनी मर्यादा पाचची होती, ती दहा झाली. बारा खोल्यांचे अतिथिगृह आणि त्याला चार माणसे पुरविणारी एजन्सी या जाळ्यातून सहज निसटतात.

परंतु वेतन संहितेला अशी किमान संख्या नाही. एक माणूस असला तरी किमान वेतन लागू आहे. १९७६ चा अधिनियम या संहितांमध्ये विलीन झालेला नाही, तो स्वतंत्रपणे कायम आहे आणि त्यालाही संख्येची अट नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही मानवी तस्करी आणि बेकायदा सक्तीचे श्रम हे गुन्हे कायम ठेवण्यात आले आहेत.

बाहेरून येणारा दबाव वेगळ्या स्वरूपाचा आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याप्रमाणे वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा अधिक असलेल्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीविषयी दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करावे लागते. बनी पार्कमधील कोणतेही अतिथिगृह या मर्यादेच्या जवळपासही नाही, मात्र त्याच्याकडे पर्यटक पाठविणारी लंडनची पर्यटन कंपनी असू शकते. तीच प्रश्नावली पाठविते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेला नियम डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. सक्तीच्या श्रमातून बनलेला माल युरोपच्या बाजारात विकण्यास त्याने बंदी येईल. तो मालाला लागू आहे, हॉटेलातील मुक्कामाला नाही. रजया, गालिचे आणि दागिने निर्यात करणाऱ्या जयपूरच्या व्यापाऱ्यांना मात्र तो थेट भिडणार आहे.

या प्रश्नावल्यांना बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने उत्तर दिले जाते. सर्व चौकटींत ‘होय’ अशी खूण करून कागद परत जातो. वास्तविक ‘पहारेकऱ्यांचे तास आम्ही तपासले, लॉन्ड्रीचे तपासले, विटांचे तपासता आले नाही’ असे उत्तर अधिक विश्वासार्ह असते, आणि अनुभवी गिऱ्हाइकाला ते कळतेही.

आढळल्यास काय करावे?

पुरवठादाराकडे वेठबिगार आहे असा संशय बळावला की व्यावसायिकाची पहिली प्रतिक्रिया करार तोडून हात झटकण्याची असते. त्याने गिऱ्हाईक सुटते, मजूर नव्हे. बांगड्यांच्या कारखान्यांत तर कुणकुण लागताच मुलांना रातोरात दुसऱ्या वस्तीत हलविले जाण्याची भीती असते. म्हणून मालकाला जाब विचारण्यापूर्वी तक्रार करणे योग्य. मूल असेल तर १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. स्वतः जाऊन सुटका करण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यात मजुराला धोका असतो आणि पुढे पुरावाही दुबळा होतो.

प्रौढ वेठबिगाराच्या बाबतीत अधिकार जिल्हाधिकारी आणि उपविभागीय दंडाधिकारी यांचे आहेत. १९७६ च्या अधिनियमानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी लागते. जिल्हा समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सांभाळते आणि तीत अनुसूचित जाती-जमातींचे तीन व सामाजिक कार्यकर्त्यांचे दोन प्रतिनिधी असतात. जयपूरचे जिल्हाधिकारी कार्यालय बनी पार्कमध्येच आहे. कलेक्टोरेट चौक हा येथील रहिवाशांच्या रोजच्या येण्याजाण्याचा भाग आहे. तक्रार देण्यासाठी या वसाहतीतील व्यावसायिकाला वाहनाचीही गरज पडू नये.

चौकशीनंतर दंडाधिकारी मुक्तता प्रमाणपत्र देतात. हा कागद पुढील सर्व गोष्टींचा आधार ठरतो. २०१६ च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व मुलांस दोन लाख आणि लैंगिक शोषण वा तस्करीसारख्या अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. तातडीची मदत म्हणून द्यावयाची रक्कम नंतरच्या सुधारित योजनेत तीस हजार रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. पूर्ण रक्कम मात्र आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे आणि खटले वर्षानुवर्षे चालतात. दरम्यान मुक्त झालेला माणूस आपल्या गावी, बहुधा दुसऱ्या राज्यात परतलेला असतो. जयपूरला दिलेले प्रमाणपत्र घेऊन त्याला गयेच्या किंवा अन्य जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. अशा वेळी थकलेले वेतन त्याच्या बँक खात्यात जमा करून त्याची पावती तपास अधिकाऱ्याकडे देणे, हाजिरीची नोंद व एजन्सीची बिले जपून ठेवणे आणि साक्षीस बोलावल्यास हजर राहणे, एवढे तरी बनी पार्कमधील गिऱ्हाइकाला करता येते.